३२,७६७ नंतरची पावती

१९९१च्या जून महिन्याचा पहिला आठवडा. सांगलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या कार्यालयात संध्याकाळी फोन वाजला. तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेचे क्लार्क बोलत होते. "मॅडम, पावतीवर वजा चिन्ह आलंय." रक्कम वजा छापली गेली असेल असं समजून मी खातेदाराचं नाव विचारलं. ते म्हणाले, "रक्कम बरोबर आहे हो. पावतीचा नंबरच वजा आहे. वजा बत्तीस हजार सातशे अडुसष्ट."

त्या संस्थेचे पिग्मी एजंट दिवसभर बाजारपेठेत फिरून दुकानदारांकडून पाच-दहा रुपये गोळा करायचे आणि संध्याकाळी क्लार्क त्या नोंदी संगणकात भरायचे. रोजच्या पावत्या सहाशेच्या आसपास. नवं आर्थिक वर्ष लागलं तसे १ एप्रिलला नंबर पुन्हा एकपासून सुरू झाले होते. रविवार सोडून मोजले तर पंचावन्नाव्या दिवशी ३२,७६७ नंबरची पावती निघाली आणि तिच्या पुढची पावती आकड्यांच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन पडली. प्रोग्रॅम माझा होता, टर्बो पास्कलमध्ये लिहिलेला. पावती क्रमांकासाठी मी 'इंटिजर' हा प्रकार घेतला होता, कारण शिकताना हाताशी असलेल्या पुस्तकात प्रत्येक पूर्णांक तसाच लिहिलेला होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने गेले. इंटिजरचा 'लाँगइंट' केला. त्याने एकेक नोंद दोन बाइटांनी लांब झाली, त्यामुळे जुनी फाइल नव्या प्रोग्रॅमला वाचता येईना. मग जुनी नोंद वाचून नव्या मापात लिहिणारा एक छोटा प्रोग्रॅम तिथेच बसून केला. संस्थेचं कामकाज दुपारी तीनला सुरू झालं. रात्री घरी आल्यावर एका कोऱ्या खतावणीच्या पहिल्या पानावर मी प्रश्न लिहिला: "३२,७६७ नंतर वजा का?" खाली उत्तर लिहिलं: "इंटिजर दोन बाइटांचा असतो."

उत्तर बरोबर होतं, पण माझं समाधान झालं नाही. दोनच बाइट का? हे कुणी, कुठे आणि कशासाठी ठरवलं? ती खतावणी पुढे चालू राहिली. पास्कलमध्ये काम करताना मला पडलेले, सहकाऱ्यांनी विचारलेले, नंतर विद्यार्थ्यांनी आणलेले प्रश्न तिच्यात साठत गेले. उत्तरं शोधता शोधता एक गोष्ट मनात पक्की झाली. रोजच्या कामात अडवणाऱ्या प्रत्येक प्रश्नाच्या तळाशी कुणीतरी एखाद्या यंत्रासमोर बसून घेतलेला निर्णय असतो. तो कळला की उत्तर पाठ करावं लागत नाही. म्हणून पास्कलचा इतिहास मला सांगायचा आहे तो या खतावणीतल्या प्रश्नांच्या आधाराने.

पहिल्या प्रश्नाचा माग मला स्वित्झर्लंडमधल्या झुरिकपर्यंत घेऊन गेला. तिथल्या ईटीएच या तंत्रसंस्थेत निकलाउस विर्त हे प्राध्यापक होते. १९३४मध्ये विंटरथुर गावी जन्मलेले, कॅलिफोर्नियात बर्कलीला डॉक्टरेट केलेले, स्टॅनफर्डला शिकवून १९६०च्या दशकाच्या शेवटी मायदेशी परतलेले. त्या आधी त्यांनी आणि टोनी होअर यांनी अल्गोल या भाषेच्या पुढच्या आवृत्तीसाठी एक सुटसुटीत प्रस्ताव मांडला होता. समितीने तो बाजूला ठेवून फार मोठ्या आणि गुंतागुंतीच्या आराखड्याची वाट धरली. विर्त यांनी आपली लहान भाषा स्वतःच पुरी करायचं ठरवलं. तीच पास्कल. विद्यार्थ्याला प्रोग्रॅम लिहिण्याची शिस्त लागावी आणि त्याच भाषेत खरं कामही करता यावं, अशा दोन अपेक्षा त्यांनी तिच्याकडून ठेवल्या.

पहिला कंपायलर, म्हणजे पास्कलमधला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, १९६९मध्ये एका विद्यार्थ्याने फोरट्रानमध्ये लिहायला घेतला. कंपायलरला लागणाऱ्या माहितीच्या रचना फोरट्रानमध्ये धड मांडता येईनात, म्हणून ते काम टाकून द्यावं लागलं. दुसऱ्या खेपेला कंपायलर पास्कलमध्येच लिहिला गेला. पण पास्कल समजणारं यंत्र तर अजून जगात कुठेच नव्हतं. त्यामुळे तो सबंध प्रोग्रॅम हाताने खालच्या पातळीवरच्या भाषेत उतरवून काढला आणि १९७०मध्ये तो चालू लागला. हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ खतावणी उघडी ठेवून बसले होते. नुसत्या कागदावर असलेल्या भाषेत माणसं प्रोग्रॅम लिहितात आणि तिला चालवणारं साधनही तिच्यातच घडवतात, हे धाडस मला फार मोठं वाटलं.

झुरिकचं ते यंत्र होतं कंट्रोल डेटा कंपनीच्या ६००० मालिकेतलं. त्याचा एक शब्द ६० बिटांचा. तिथे पूर्णांकाला एवढी ऐसपैस जागा होती की माझ्या पतसंस्थेच्या पावत्या युगानुयुगं पुरल्या असत्या. इंटिजर किती मोठा असावा हे विर्त यांनी भाषेत ठरवलंच नाही. ते प्रत्येक यंत्रावर सोडलं आणि त्या त्या यंत्राची मर्यादा सांगायला 'मॅक्सइंट' हे नाव ठेवलं. आमच्या पीसीमधल्या इंटेल ८०८८ या प्रोसेसरची रजिस्टरं १६ बिटांची, म्हणून आमचं मॅक्सइंट ३२,७६७. अर्ध्या जागा ऋण संख्यांना, अर्ध्या शून्य आणि धन संख्यांना. झुरिकमधला शब्द तोच राहिला, माप मात्र यंत्रागणिक बदललं. आणि मी माप न तपासता तो शब्द वापरला होता.

खतावणीतला दुसरा प्रश्न मी शिकवायला लागले तेव्हाचा आहे आणि तो आजवर मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेला आहे. "एल्सच्या आधी अर्धविराम दिला की कंपायलर का अडतो?" पुष्कळ शिक्षक सांगतात, तो नियम आहे, पाठ करा. मी वेगळं सांगते. पास्कलमधला अर्धविराम वाक्य संपवत नाही. दोन वाक्यांच्या मध्ये उभा राहून तो त्यांना वेगळं करतो. मराठीत आपण अर्धविराम नेमका असाच वापरतो. 'जर-तर-नाहीतर' हे सगळं मिळून एकच वाक्य आहे. त्याच्या पोटात अर्धविराम घातला की वाक्य तिथेच तुटतं आणि पुढचं 'नाहीतर' पोरकं होतं. सबंध प्रोग्रॅम संपतो तिथे, शेवटच्या 'एंड'नंतर, पास्कल पूर्णविराम मागते. मराठी माध्यमातल्या मुलांना हे एका मिनिटात कळतं, कारण विरामचिन्हं त्यांच्या ओळखीची असतात.

ही पद्धत अल्गोलकडून आली. अल्गोलचा पहिला आराखडा १९५८मध्ये झुरिकच्या त्याच ईटीएचमध्ये भरलेल्या बैठकीत तयार झाला होता आणि १९६०मध्ये पॅरिसच्या बैठकीने त्याला पक्कं रूप दिलं. म्हणजे इस्लामपूरहून येणाऱ्या मुलाच्या प्रोग्रॅममध्ये एल्सपाशी थांबणारा कर्सर दोन पिढ्यांपूर्वीच्या एका बैठकीचा निर्णय पाळत असतो.

तिसरा प्रश्नही मी शिकवायला लागले त्याच काळातला. "मी खाली लिहिलेली प्रोसीजर वरच्या ओळीत का सापडत नाही?" विर्त यांना कंपायलर लहान आणि वेगवान हवा होता. त्याने प्रोग्रॅम वरून खाली एकदाच वाचायचा, मागे वळून बघायचं नाही. म्हणून जे वापरायचं ते आधी सांगितलेलं असलं पाहिजे. दोन प्रोसीजर एकमेकींना हाक मारत असतील तर एकीचं नाव आधी 'फॉरवर्ड' म्हणून नोंदवायचं. विद्यार्थ्यांना ही कटकट वाटते. पण याच एका वाचनामुळे पुढे आमच्यासारख्यांच्या स्वस्त यंत्रावर कंपायलर डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर देऊ शकला.

भाषा झुरिकबाहेर पडली तेव्हा पहिला व्यावहारिक प्रश्न होता, "आमच्या यंत्रावर ही कशी आणायची?" प्रत्येक विद्यापीठाचं यंत्र वेगळं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला झुरिकच्या गटाने यावर एक उपाय काढला. एक काल्पनिक, साधं यंत्र मनात कल्पायचं, कंपायलरने त्या यंत्राची भाषा लिहायची आणि ज्याला पास्कल हवी त्याने आपल्या यंत्रावर त्या काल्पनिक यंत्राची नक्कल करणारा छोटा प्रोग्रॅम तेवढा लिहायचा. या संचाचं नाव पास्कल-पी. त्याच्या अंमलबजावणीच्या टिपणांवर उर्स अम्मान, कॅथलीन जेन्सन, नेगेली, याकोबी यांच्याबरोबर पहिलंच नाव आहे केशव नोरी यांचं. हेच नोरी पुढे कित्येक वर्षं पुण्यातल्या टीआरडीडीसीत, म्हणजे टाटांच्या संशोधन आणि विकास केंद्रात, काम करत होते. सांगलीत बसून आम्ही जी भाषा वापरत होतो ती जगभर पोहोचवणाऱ्या पाचांपैकी एक जण सव्वादोनशे किलोमीटरवर होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. कळलं तेव्हा मी ते नाव खतावणीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं.

पास्कल वापरणारे एकमेकांना प्रश्न विचारायचे ते पत्रांतून. १९७४मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातून जॉर्ज रिचमंड यांनी पास्कलविषयीचं एक वार्तापत्र काढलं. १९७६पासून मिनेसोटा विद्यापीठातल्या अँडी मिकेल यांनी ते चालवलं आणि पुढे त्याचं नाव 'पास्कल न्यूज' झालं. त्यात सभासदांची पत्रं, कुठल्या यंत्रावर कुठला कंपायलर चालतो याच्या नोंदी, कंपायलरमध्ये सापडलेल्या चुका आणि कामाला येणारे अख्खे प्रोग्रॅम छापलेले असायचे. वाचणाऱ्याने ते टंकून घ्यायचे. एका प्रश्नाचं उत्तर यायला महिने लागत. पण ते उत्तर छापलेलं असे, त्याखाली नाव असे आणि दहा वर्षांनी वाचणाऱ्यालाही ते कामाला येई. माझ्या खतावणीत मी प्रत्येक उत्तराखाली ते कुणी दिलं आणि कधी, हे लिहिते. ती सवय मला या वार्तापत्राची गोष्ट कळल्यावर लागली.

आमच्यापर्यंत पास्कल आली ती फ्लॉपीवरून. डेन्मार्कचा अँडर्स हेल्सबर्ग हा तरुण नॅसकॉम नावाच्या हौशी लोकांच्या संगणकासाठी पास्कलचा चिमुकला कंपायलर लिहीत होता. फिलिप कान हे फ्रेंच गणिती झुरिकच्या त्याच ईटीएचमध्ये शिकलेले. त्यांच्या बोरलँड कंपनीने नोव्हेंबर १९८३मध्ये हेल्सबर्गचं काम 'टर्बो पास्कल' म्हणून बाजारात आणलं. किंमत ४९ डॉलर ९५ सेंट. इतर कंपायलर तेव्हा शेकडो डॉलरला मिळत. हेल्सबर्गला तेवीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. आधीच्या साधनांमध्ये मजकूर लिहायचा एका प्रोग्रॅममध्ये, कंपाइल करायचा दुसऱ्यात, जोडायचा तिसऱ्यात आणि मध्ये फ्लॉपी बदलत बसायचं. टर्बोमध्ये हे सगळं एकाच ठिकाणी आणि मेमरीतच. चूक झाली की कर्सर थेट त्या जागी जाऊन उभा. ३.०२ या आवृत्तीची ही सगळी सामग्री मिळून ३९,७३१ बाइट भरायची. आमच्या ३६० केबीच्या फ्लॉपीवर ती ठेवून माझे सगळे प्रोग्रॅम वर मावायचे.

मी तंत्रनिकेतनात शिकत होते तेव्हा आम्हा बारा जणांना एक पीसी होता, तासाला तिघांची पाळी. वेळ वाया जाऊ नये म्हणून प्रोग्रॅम आधी वहीत लिहून, हाताने चालवून, मगच पाळीला जायचं. पुस्तकं पुण्याला अप्पा बळवंत चौकातून यायची. पुण्यात जन्मलेले सरताज साहनी यांनी एलिस होरोविट्झ यांच्याबरोबर लिहिलेल्या डेटा स्ट्रक्चर्सच्या पुस्तकाची पास्कल आवृत्ती १९८४ची. तिची झेरॉक्स आमच्या वर्गात फिरायची. टर्बोच्या मॅन्युअलचीही झेरॉक्सच. फ्लॉपीही कुणाच्या तरी फ्लॉपीची प्रत होती आणि विकत घेतलेली मूळ फ्लॉपी आमच्यापैकी कुणी पाहिलेली नव्हती. हे मी अभिमानाने सांगत नाही. पण त्या प्रतीखेरीज आमच्यासारखी मुलं या कामात आलीच नसती, हेही तितकंच खरं.

१९८७मध्ये टर्बोची चौथी आवृत्ती आली आणि तिने ६४ केबीची वेस ओलांडली. प्रोग्रॅमचे तुकडे 'युनिट' म्हणून वेगळे ठेवता येऊ लागले. १९८९मध्ये साडेपाचने ऑब्जेक्ट आणले. १९९२मध्ये सातवी आली. आमचं कार्यालय या सगळ्यांतून गेलं. त्या वर्षांतला एक प्रश्न माझ्या सहकाऱ्याच्या अक्षरात आहे: "दहा सभासदांची यादी क्रमाने लावणारी प्रोसीजर वीस सभासदांना का चालत नाही?" मूळच्या पास्कलमध्ये यादीची लांबी तिच्या प्रकाराचाच भाग असते, दहांची यादी आणि विसांची यादी या दोन वेगळ्या जाती. चूक कंपाइल करतानाच पकडली जावी, हा त्यामागचा हेतू. बेल लॅब्जच्या ब्रायन कर्निगन यांनी १९८१मध्ये पास्कल आपली आवडती भाषा का नाही हे सविस्तर मांडलं, तेव्हा त्यांची सगळ्यांत मोठी तक्रार हीच होती. ती रास्त होती. सातव्या आवृत्तीत ओपन ॲरे मिळाले तेव्हा आमची क्रम लावणारी प्रोसीजर कुठल्याही लांबीच्या यादीला चालू लागली आणि तिच्या अकरा प्रती मी एका दुपारी पुसून टाकल्या.

पैशांचे प्रश्न खतावणीत सगळ्यांत जास्त आहेत. "व्याजाच्या बेरजेत पाच पैसे कमी का?" टर्बोच्या सहा बाइटांच्या 'रिअल' प्रकारात रुपये ठेवले की दहा पैशांना नेमकी जागा मिळत नाही, कारण एक दशांश ही संख्या द्विमान पद्धतीत कधीच पुरी होत नाही, एक तृतीयांश दशमानात होत नाही तशीच. हजार खात्यांची बेरीज केली की ती बारीक तूट वर दिसते. त्यावर उपाय एकच. रुपये विसरायचे आणि सगळा हिशेब पूर्ण पैशांत ठेवायचा. लाँगइंटमध्ये जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ पैसे मावतात, म्हणजे दोन कोटी चौदा लाख चौऱ्याहत्तर हजार रुपयांच्या वर थोडे. खात्यांना ते भरपूर होतं, पण एकूण ठेवी त्या आकड्याच्या जवळ यायला लागल्यावर बेरजांसाठी आम्ही आठ बाइटांचा 'कॉम्प' घेतला. या वेळी पावती वजा छापली जाण्याची वाट पाहिली नाही.

या भाषेला ज्यांचं नाव दिलं त्यांचाही प्रश्न हाच होता. ब्लेझ पास्कल यांचे वडील फ्रान्समधल्या रुआँ शहरात करवसुलीच्या कामावर होते. रात्ररात्र चालणाऱ्या त्यांच्या बेरजा हलक्या व्हाव्यात म्हणून १६४२मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, पास्कल यांनी दातेरी चाकांचं गणनयंत्र करायला घेतलं. तेव्हाच्या फ्रेंच चलनात १२ दनिएचा एक सू आणि २० सूचा एक लिव्र. त्यामुळे पैशांच्या यंत्रात शेवटच्या चाकांना दहा घरं ठेवून भागत नसे. एकाला बारा, दुसऱ्याला वीस ठेवावी लागली. आपल्याकडे १ एप्रिल १९५७पर्यंत १२ पैंचा आणा आणि १६ आण्यांचा रुपया होता. जुन्या खतावण्यांत आडव्या-उभ्या रेघांनी आणे मांडलेले मी वडिलांच्या दुकानात पाहिले आहेत. पास्कलच्या चाकांचं चित्र पाहिलं तेव्हा मला लगेच त्या रेघा आठवल्या.

१९९८मध्ये खतावणीतला सगळ्यांत अवघड प्रश्न आला. एका संस्थेने नवा, वेगवान पेंटियम टू संगणक घेतला. आमचा प्रोग्रॅम त्यावर टाकला आणि तो सुरू व्हायच्या आतच बंद पडला. पडद्यावर एकच ओळ: रनटाइम एरर २००, शून्याने भागाकार. मी प्रोग्रॅममधला प्रत्येक भागाकार तपासला. प्रत्येकाआधी भाजक शून्य नाही ना हे बघितलेलं होतं. पहिल्या ओळीपाशी थांबा घातला, तरी तिथपर्यंतही प्रोग्रॅम पोहोचत नव्हता. तोच प्रोग्रॅम जुन्या ४८६वर बिनतक्रार चालत होता. संस्थेच्या अध्यक्षांना वाटलं नवं यंत्र खराब निघालं. मला वाटलं व्हायरस आहे. दोन रात्री झोप नाही.

उत्तर पुण्यातल्या एका मैत्रिणीकडून मिळालं. पडदा पुसणं, रंग बदलणं, कळ दाबली का पाहणं ही कामं टर्बो पास्कलच्या 'क्रट' नावाच्या युनिटकडे असतात. प्रोग्रॅम ठरावीक मिलिसेकंद थांबवणारी 'डिले' ही प्रोसीजरही त्यातच. यंत्र किती वेगवान आहे हे कळल्याशिवाय नेमकं किती थांबायचं ते ठरत नाही. म्हणून हे युनिट प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीआधीच एक मोजणी करतं. घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, रिकामं चक्र किती वेळा फिरतं ते मोजायचं आणि त्याला ५५ने भागायचं. उत्तर १६ बिटांत ठेवलेलं, म्हणजे ६५,५३५पर्यंत. हे लिहिलं गेलं तेव्हाच्या यंत्रांना ती मर्यादा फार दूर होती. नवी यंत्रं एका ठोक्यात ३६ लाखांहून जास्त फेऱ्या मारू लागली. भागाकार १६ बिटांत मावेना. न मावणाऱ्या भागाकाराला आणि शून्याने केलेल्या भागाकाराला इंटेलचा प्रोसेसर एकच इशारा देतो. पास्कलने तो वाचून शून्याचा आळ घेतला. शून्य कुठेच नव्हतं. आमचा प्रोग्रॅम बंद पडला होता तो यंत्र जास्त वेगवान झालं म्हणून.

मैत्रिणीने दुरुस्त केलेलं युनिट फ्लॉपीवर घालून एसटीच्या पार्सलने पाठवलं. सतरा संस्थांचे प्रोग्रॅम मी पुन्हा कंपाइल केले. त्या सतरा नावांच्या यादीखाली खतावणीत तिचं नाव आणि तारीख आहे.

तोवर जग पुढे गेलं होतं. १४ फेब्रुवारी १९९५ला बोरलँडने विंडोजसाठी पास्कलवर आधारलेलं डेल्फाय आणलं, त्याचेही मुख्य शिल्पकार हेल्सबर्गच. पुढच्याच वर्षी ते मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि नंतर तिथे सी-शार्प घडवू लागले. जर्मनीतल्या फ्लोरियान क्लेम्फ्ल या विद्यार्थ्याने १९९३मध्ये टर्बो पास्कलमध्येच एक नवा ३२ बिटांचा कंपायलर लिहायला घेतला. तो आजचा फ्री पास्कल. १९९९मध्ये त्याच्यावर लॅझरस हे प्रोग्रॅम लिहिण्याचं साधन उभं राहू लागलं. आता सांगलीतल्या मुलांना प्रत करावी लागत नाही. मूळच मोफत आहे, कोडसकट.

खतावणीचा शेवटचा मोठा भाग एकाच प्रश्नाने भरलेला आहे: "या नावात अक्षरं किती?" डॉसवर मराठी बिलं आम्ही जिस्ट कार्ड बसवून काढायचो. ते तंत्र कानपूरच्या आयआयटीत जन्मलं आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे वाढवलं. त्यात प्रत्येक वर्ण, मात्रा आणि हलन्त एकेका बाइटात असे. 'ज्ञानेश्वर' या नावात ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र असे दहा संकेत. लांबी विचारली की पास्कल १० सांगायची. यादीच्या आठ घरांच्या रकान्यासाठी पहिले आठ कापले की छापलं जायचं 'ज्ञानेश्'. नाव असं पाय मोडून छापलं की सभासदाला वाईट वाटतं, आणि ते बरोबरच आहे.

लॅझरसमध्ये तेच नाव यूटीएफ-८मध्ये असतं, प्रत्येक संकेताला तीन बाइट. साधी लांबी विचारली तर उत्तर ३०. पहिले आठ बाइट कापले तर तिसरा संकेत मधूनच तुटतो आणि त्या जागी चौकोन उमटतो. डेल्फायच्या २००९च्या आवृत्तीपासून तीच लांबी पुन्हा १० येते. आणि वाचणाऱ्याला दिसतात ती अक्षरं चार: ज्ञा, ने, श्व, र. जुनी शॉर्टस्ट्रिंग २५५ बाइटांवर थांबते, कारण आपली लांबी ती पहिल्या एका बाइटात लिहून ठेवते. ही मांडणी कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो इथे केनेथ बोल्स यांच्या गटाने झुरिकच्या पास्कल-पी संचावर जी पास्कल उभी केली, तिच्यातून टर्बोत आली. इंग्रजी पत्त्याला २५५ पुष्कळ झाले. मराठीत त्या जागेत ८५ संकेत मावतात आणि वाडी, पोस्ट, तालुका, जिल्हा लिहिताना ते संपतात. कोणती लांबी खरी, असं मुलं विचारतात. मी त्यांना विचारते, तुला जागा मोजायची आहे, संकेत मोजायचे आहेत की माणसाचं नाव छापायचं आहे? ते ठरलं की कुठलं फंक्शन वापरायचं ते आपोआप ठरतं.

१ जानेवारी २०२४ला निकलाउस विर्त गेले. नव्वदावा वाढदिवस दीड महिन्यावर होता. बातमी वाचली त्या दिवशी मी खतावणीत काही लिहू शकले नाही.

त्यानंतर महिनाभराने एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली. तासगावजवळच्या गावची, अकरावीत शिकणारी. काकांच्या बेदाण्याच्या शेडमधल्या पेट्या मोजायला तिने फ्री पास्कलमध्ये प्रोग्रॅम लिहिला होता. लॅझरस न घेता, साध्या एडिटरमध्ये लिहून कंपायलर थेट चालवला होता. पडद्यावर तिचा आकडा होता −३२,७६८. "सर म्हणाले आता इंटिजर मोठा असतो," ती म्हणाली. तिचे सर चुकले नव्हते. लॅझरस आपल्या फाइलच्या वरच एक ओळ घालतं आणि इंटिजर चार बाइटांचा होतो. ती ओळ नसेल तर फ्री पास्कल जुन्या टर्बोचे प्रोग्रॅम चालावेत म्हणून अजूनही दोनच बाइट धरतो. माझ्यासारख्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम चालावेत म्हणून.

मी कपाटातून खतावणी काढली आणि तिच्यासमोर पहिलं पान उघडलं. तिने तारीख वाचली, मग आकडा वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघींनी मिळून झुरिकचे साठ बिट, इंटेलचे सोळा बिट आणि तिच्या फाइलमधली न लिहिलेली ओळ अशी सगळी वाट कागदावर काढली. ती ओळ तिने स्वतः लिहिली आणि पेट्यांचा आकडा सरळ झाला. मग माझ्या ३३ वर्षांपूर्वीच्या उत्तराखाली उरलेल्या जागेत मी तिला तिचं नाव आणि तारीख लिहायला सांगितली.